ट्रिपच्या भाकरी

भुसावळच्या अलीकडे, जिथून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात, तिथल्या वसाहतीत द्रौपदाबाई सुरवाडे यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. त्या वसाहतीतल्या बायकांचं एक न्यारंच होतं. केंद्राची घरघर चालू असली की त्यांना गाढ झोप लागायची आणि ती थांबली की जाग यायची. बाहेरून आलेली पाहुणी विचारायची, "या आवाजात झोपता तरी कशा गं?" त्यावर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

ट्रिप हा शब्द तिथं बोबड्या पोरालाही यायचा. आत कुठं नळी फुटली, कुठं काही बिघडलं की वीज तयार करणारा संच आपोआप बंद पडायचा. आधी वाफ सुटल्याचा मोठा फूत्कार, मग सगळं चिडीचूप. त्या शांततेनं घराघरात हालचाल सुरू व्हायची. कोणी कोणाला सांगायला जात नसे. बाई उठायची, केस बांधायची, परात पुढ्यात ओढायची आणि पीठ मळायला घ्यायची. कारण ट्रिप झालं की पाळीवर गेलेला माणूस पाळी संपली तरी घरी येत नसे. संच पुन्हा चालू होईपर्यंत सोळा तास लागोत की तीन दिवस. म्हणून दर घरातून आठ-दहा भाकरी, ठेचा, असला तर कांदा, असं फडक्यात बांधून गेटवर जायचं. कोणाची भाकरी कोणाच्या हातात पडली, हे कोणी बघत नसे. त्यांना ट्रिपच्या भाकरीच म्हणत.

द्रौपदाबाईंची लेक संघमित्रा अशाच एका ट्रिपच्या वेळी झाली. सुपडू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला तो कोळशानं माखलेला. लेकीला बघायला खाली वाकला, पण दोन्ही हात मागे बांधून. द्रौपदाबाई म्हणाल्या, "घ्या की." तो म्हणाला, "आंघोळ करून येतो." आणि तिथंच उभा राहिला, अर्धा तास तरी.

सुपडू कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर कामाला होता. तो पट्टा शेकडो रोलरवरून सरकत जातो. त्यातला कोणता रोलर कुरकुरतोय हे सुपडूला ऐकून कळायचं. लोखंडी सळईचं एक टोक रोलरच्या खोबणीला लावायचा, दुसरं कानाच्या हाडाला, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हा गुरुवारपर्यंत जाईल." साहेब लोक आधी हसले, मग त्याचं ऐकायला लागले. घरीही त्याची तीच सवय. मिक्सर बिघडला तरी आधी कान लावणार.

सात वर्षांपूर्वीच्या वैशाखात, सुटीच्या दिवशी, चहाचा कप हातात असतानाच तो खुर्चीत कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकोणपन्नास. संघमित्रा तेव्हा धुळ्याला देवपुरात खोली घेऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

क्वार्टर सोडावं लागलं. द्रौपदाबाईंनी जवळच्याच गावात दोन खोल्या घेतल्या. भिंतीवर बाबासाहेब, तथागत आणि त्यांच्या बाजूला सुपडूचा ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो. केंद्रात कंत्राटावर येणाऱ्या कामगारांना त्या डबे द्यायला लागल्या. सकाळी तीस, संध्याकाळी बावीस. शेजारपाजारच्या म्हणत, बाई खंबीर आहे. बाई खंबीर-बिंबीर काही नव्हती. पोरीचा फोन ठरल्या वेळेला आला नाही की ती घडीघडी फोन उचलून बघायची. डब्यात मीठ दोनदा पडायचं आणि त्या दिवशी कामगार डबा परत देताना काही न बोलता पाणी मागायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी सात वर्षं नेमानं केली. सुपडूच्या जागी लेकीला नोकरी मिळावी म्हणून अनुकंपाचा अर्ज त्यांनी स्वतः नेऊन दिला होता. दर तीन महिन्यांनी इस्त्रीची साडी नेसून त्या केंद्राच्या कार्यालयात जायच्या. खिडकीपलीकडे झुलालभाऊ नावाचे कारकून बसत.

"आमचा नंबर कितवा आला हो?"

"बाई, मागच्या खेपेला सांगितला तोच."

"तरी बघा ना एकदा."

झुलालभाऊ कंटाळून रजिस्टर काढत, बोट फिरवत आणि आकडा सांगत. एक्केचाळीस. मग अडतीस. मग दोन वर्षं एकतीसवरच. त्या आकड्याच्या भरवशावर द्रौपदाबाई पुढचे तीन महिने झोपायच्या. पोरगी शिकली, साक्रीकडच्या एका सौर प्रकल्पात कामाला लागली, बरं चाललं होतं. पण ते काम खाजगी कंपनीचं, वर्षावर्षाच्या कंत्राटाचं. दर मार्चला आईच्या जिवाला घोर. रजिस्टरमधला आकडा तेवढा पक्का.

आणि या मार्गशीर्षात पत्र आलं. तंत्रज्ञ पद, कोळसा विभाग. पंधरा दिवसांत संमती अगर नकार लेखी कळवावा; न कळवल्यास हक्क संपुष्टात येईल.

द्रौपदाबाईंनी पत्र आधी सुपडूच्या फोटोपुढे ठेवलं आणि मग लेकीला फोन लावला.

"आलं गं बाई. आलं एकदाचं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ऐकून राह्यली ना?"

"ऐकतेय, आई."

"मग बोल की. बापाच्या जागेवर जाशील. परमनंट. क्वार्टर मिळते. दवाखाना मिळते."

"आई, मला इथलंच करायचंय."

द्रौपदाबाईंना वाटलं, लाइन खराब आहे.

मग तीन दिवस फोनवर तेच. आई म्हणे, सूर्याचं काय घेऊन बसलीस, पावसाळ्यात चार महिने तोंड दाखवत नाही. लेक म्हणे, चार महिने कुठे गं, आणि तेव्हा इथल्या पठारावर पवनचक्क्या जोरात चालतात. आई म्हणे, तुझ्या कंपनीचं कंत्राट मार्चला संपतं. लेक म्हणे, हो, संपतं. आई म्हणे, कोळसा तुझ्या जन्मात बंद होत नाही, उखर्डूभाऊ सांगत होते. लेक म्हणे, तेही खरं असेल.

उखर्डूभाऊ म्हणजे सुपडूचे जुने सोबती, बॉयलरवर. अजून दीड वर्ष नोकरी बाकी. ट्रिपच्या रात्री द्रौपदाबाईंच्या भाकरी त्यांनी किती खाल्ल्या असतील त्याला गणती नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, सोलर चांगलंच हाये. पण ते दुपारचं पाहुणं. जेवून जातं. रातीले घरात कोण राहतं? आम्ही." आणि मग जरा वेळानं, स्वतःशीच म्हणावं तसं, "आता दुपारी आम्हाले सांगतात, कमी करा, सूर्याची वीज आली. संध्याकाळी सांगतात, चढवा, चढवा. बॉयलर म्हातारं हाये. त्याले रोज उठाबशा काढायले लावल्या तर त्याचे गुडघे जातीन."

चौथ्या दिवशी संघमित्राच म्हणाली, "आई, तू ये इकडे. दोन दिवस राहा. डोळ्यांनी बघ. मग तू सांगशील ते मी करेन."

"मी सांगेन ते?"

"हो. सात वर्षं तू त्या खिडकीत उभी राहिलीस. तो नंबर तुझा आहे."

हे ऐकून द्रौपदाबाईंना बरं वाटायला हवं होतं. उलट धडकीच भरली. आजवर लेकीनं ऐकलं नाही अशी तक्रार करता येत होती. आता तीही सोय राहिली नाही.

आठवडाभरानं डब्यांची जबाबदारी शेजारच्या भिकुबाईवर टाकून त्या निघाल्या. पिशवीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, हिरव्या मिरच्या, भरताची वांगी. जळगाव, धुळे करत साक्रीला पोचेपर्यंत दिवस मावळून गेला होता. लेक गाडी घेऊन स्टँडवर उभी होती. प्रकल्पाच्या कुंपणाला लागून चार खोल्या बांधलेल्या, त्यातली एक तिची. त्या रात्री द्रौपदाबाईंना झोप आली नाही. नवी जागा म्हणून असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

सकाळी उजाडलं आणि त्यांनी दारातून पाहिलं. नजर जाईल तिथवर निळ्या-काळ्या काचा, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. लांब पठारावर पवनचक्क्या उभ्या, काही फिरत होत्या, काही नव्हत्या.

"त्या कायले थांबल्या?"

"वारा नाही त्यांच्यापुरता."

"तुमच्या कारखान्यात सगळेच लहरी दिसतात," द्रौपदाबाई म्हणाल्या.

लेकीनं त्यांना सगळीकडे फिरवलं. मधेमधे मोठ्या खोक्याएवढ्या खोल्या होत्या. पॅनलमधली वीज तारांवर धाडण्याजोगी करायची यंत्रं त्यात. ऊन चढत गेलं तसा त्यांच्या पंख्यांचा आवाज वाढत गेला. दहाच्या सुमाराला घरघर चांगली जमली. द्रौपदाबाईंना एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पॅनलच्या एका ओळीच्या टोकाशी संघमित्रा थांबली. दोन कामगार तिथं मोजणीचं यंत्र लावून बसले होते. तिनं ते पाहिलं, मान हलवली, मग वाकून पॅनलच्या मागच्या तारांच्या जोडाजवळ हाताची पालथी बाजू नेली. टेकवली नाही, नुसती जवळ धरली. पुढच्या जोडाजवळ. त्याच्या पुढच्या. चौथ्यापाशी ती थांबली आणि डोळे मिटले.

"हा तापतोय. आठवडाभरात जळेल. आजच काढा."

कामगारानं यंत्र त्या जोडावर धरलं, आकडा पाहिला आणि पाना काढला. द्रौपदाबाई उन्हात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की तोंड दिसू नये.

दुपारी जेवताना त्यांनी एकेक प्रश्न काढला. घरच्या बाईचे प्रश्न, पण त्यातून सुटका नाही असे.

"उन्हाळ्यात आपण वाळवण करून ठेवतो, पावसाळ्यात खातो. तसं तुमचं ऊन साठवून ठेवता नाई येत?"

"येतं. बॅटऱ्या येणार आहेत इथं फेब्रुवारीत. ती समोरची मोकळी जागा दिसतेय ना, तिथं. पण दोन-तीन तासांपुरतंच साठेल. सातच्या सुमाराला घरोघरी दिवे लागतात, तेवढा वेळ निभावेल."

"आन मग राह्यलेली रात?"

"काही वारा. काही धरणाचं पाणी. दिवसा फुकटच्या विजेनं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज करायची, असंही करतात."

"टाकीसारखं."

"टाकीसारखंच. पण तशा जागा थोड्या. बाकी सगळी रात्र कोळसा."

"म्हणजे तुझ्या बापाचं."

"हो. अजून बरीच वर्षं."

लेक खोटं बोलत नव्हती, हे द्रौपदाबाईंना दिसत होतं, आणि त्यामुळेच भांडण करता येत नव्हतं. त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मग चालणारं सोडून न चालणाऱ्याकडं कायले जायचं?"

"तिकडचे सगळे मला चालवायला शिकवतील, आई. मी शिकेन, चांगलं करीन. बाबांचं नाव आहे तिथं. पण रात्रीचं काय करायचं, हे इथं शोधायचं चाललंय. बॅटरीच्या कामावर माझं नाव लिहिलंय साहेबांनी. मला त्यात असायचंय."

"आन मार्चमध्ये त्यायनं नाव खोडलं तर?"

संघमित्रानं ताटात बघितलं. "भीती मलाही वाटते," ती म्हणाली.

दुपारी लेक कामावर गेली. त्या घरघरीत द्रौपदाबाईंना इतकी गाढ झोप लागली की चार वाजले तरी जाग नाही. उठून त्यांनी चहा केला, वांगी भाजायला काढली, दारात बसून मिरच्या निवडायला घेतल्या. आवाज हळूहळू उतरत होता, वारा पडत जातो तसा. त्यांचं लक्ष नव्हतं. ऊन गेलं. पठारावरचं आभाळ तांबडं झालं. मग जवळच्या खोक्यातून खाडकन एक आवाज आला, त्यामागच्या खोक्यातून दुसरा. आणि सगळं चिडीचूप.

द्रौपदाबाईंच्या हातातली मिरची खाली पडली.

त्यांनी लेकीला फोन लावला. दुसऱ्या फोनवर बोलत असल्याचं फोनमधली बाई सांगू लागली. पुन्हा लावला. तेच. मग त्यांनी तिसऱ्यांदा लावला नाही. केस बांधले, आत गेल्या, परात ओढली आणि कळण्याचं पीठ घेतलं. लेकीच्या खोलीत तवा एकच, शेगडी एकच. तरी पाऊण तासात अकरा भाकरी झाल्या. ठेचा वाटला. भाजलेली वांगी तेवढ्यात जमतील तशी कुस्करली. सगळं लेकीच्या ओढणीत बांधलं, कारण दुसरं फडकं सापडलं नाही. विजेरी घेऊन कुंपणाच्या कडेनं त्या भराभर निघाल्या. चालताना मनात एकच, कुठं लागलं तर नसेल ना पोरीला, कुठं चटका तर बसला नसेल.

फाटकावर रतिलाल बसले होते. इथलेच शेतकरी, त्यांच्या शेताचा एक तुकडा या कुंपणात गेला आणि त्यावरच आता ते राखणीला होते. कालपासून ते द्रौपदाबाईंना अक्का म्हणत होते.

"कुठं निंघनात अक्का, इतल्या घाईमा?"

"भाऊ, किती लोकं अडकले आत?"

"कोन अडकनं?"

"बंद पडलं ना सगळं. आवाज थांबला. जेवणाचं घेऊन आली मी. किती जण हायेत? अकरा भाकरी हायेत."

रतिलाल त्या गाठोड्याकडे बघत राहिले, मग आभाळाकडे. "अक्का, कोनी अडकेल नही शे. दिन बुडना. रोज दिन बुडना का हाई बंद पडस. आते सकायले चालू व्हई."

"रोज?"

"रोज. सूर्य गया ना घर."

नियंत्रण कक्षात तीन जण होते. एक बूट बदलत होता, एक आरशात बघून केस विंचरत होता आणि संघमित्रा फोन कानाला धरून दिवसाची माहिती कोणाला तरी सांगत होती. दारात आई उभी, धापा टाकतेय, हातात ओढणीचं गाठोडं, गालाला पीठ. संघमित्राला सगळं कळायला एक क्षण लागला. वसाहतीतलीच पोर ती. तिनं फोन ठेवला.

"आई, तू ट्रिपच्या भाकरी केल्यास?"

द्रौपदाबाई खुर्चीवर बसल्या. "मले काय माहीत तुमचं यंत्र रोज मरते."

पोरं हसायला लागली. मग संघमित्रानं त्यांना सांगितलं ट्रिप म्हणजे काय आणि त्या भाकरी म्हणजे काय, तेव्हा हसू थांबलं. केस विंचरणाऱ्यानं कंगवा खिशात ठेवला आणि वर्तमानपत्र पसरलं. सगळे खाली बसले. रतिलालना बोलावून आणलं. भरीत धड कुस्करलेलं नव्हतं, मीठ विसरलं होतं, पण अकरापैकी एकही भाकरी उरली नाही. रतिलाल ठेचा बोटावर घेत म्हणाले, "अक्का, बंद तं उद्या बी पडी. उद्या बी आनशात का?"

"सकाळची माझी गाडी हाये," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी बाई नाई का?"

"शे ना. पन ती म्हनस, दिन बुडना का घर या आनि गरम खा."

त्या वाक्यावर बाकीचे हसले. द्रौपदाबाई हसल्या नाहीत.

निघण्याआधी संघमित्रानं त्यांना मोबाइलवर एक चित्र दाखवलं. राज्याला आत्ता किती वीज लागतेय आणि ती कुठून येतेय, त्याच्या रेघा. पिवळी रेघ दुपारभर डोंगरासारखी उंच आणि आत्ता पार खाली, जमिनीला टेकलेली. तिच्याखालची काळी रेघ दुपारी खाली वाकलेली आणि आत्ता चढत चाललेली.

"ही पिवळी आम्ही. काळी कोळशाची."

"हे चढून राह्यलं, ते आपल्याकडलं?"

"त्यात तेही आहे. उखर्डूकाका पाळीवर असतील तर तेच चढवत असतील आत्ता."

द्रौपदाबाईंनी ती रेघ बोटानं हळूच पुसल्यासारखी केली. चित्र भलतीकडेच सरकलं. लेकीनं ते परत जागेवर आणलं.

खोलीकडे जाताना अंधार पडला होता. दोघी कुंपणाच्या कडेनं चालत होत्या. काचांच्या रांगा आता आडव्या झोपल्यागत दिसत होत्या.

"रोज याच वेळेला सुटी?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"बहुतेक रोज. बिघाड असला तर थांबावं लागतं. पण बरेचसे बिघाड सकाळी ऊन यायच्या आत काढतो. आणि आई, बॅटऱ्या आल्या की रात्रपाळी येईल. ते मी लपवत नाही."

"तू काहीच लपवत नाई, हाच तर त्रास हाये," आई म्हणाली.

दोघी कुंपणाचा कोपरा वळल्या. मग द्रौपदाबाई म्हणाल्या, "तू झाली तेव्हा तुझा बाप तीन दिवस आला नाई."

"माहीत आहे."

"मी त्याले कधी बोलली नाई. बोलून काय करता. संच बंद होता."

लेकीनं आईचा हात धरला. रस्ता सपाट होता, धरायची गरज नव्हती.

सकाळी एसटीत बसवताना संघमित्रानं एक लिफाफा दिला. आत दोन कागद. एकावर संमती, एकावर नकार. दोन्हीवर तिची सही. "कोणता द्यायचा ते तू ठरव. मी ठरल्याप्रमाणे वागेन, आणि रुसणार नाही." गाडी हलली तेव्हा द्रौपदाबाईंना लेकीवर राग आला, खूप राग. धुळ्यापर्यंत तो टिकला. पारोळ्यापाशी त्यांनी लिफाफा उघडून दोन्ही कागद वाचले. जळगाव येईपर्यंत आणखी तीनदा वाचले. संमतीच्या कागदावरची सही घाईत केल्यासारखी होती, असं एकदा वाटलं. मग दुसरा काढून पाहिला तर तीही तशीच. पोरीनं आईला कुठंही ढकललं नव्हतं.

पंधरापैकी दोन दिवस राहिले होते. ते दोन्ही दिवस त्यांनी डबे करत काढले. केंद्राची घरघर चालू होती आणि तरी झोप नव्हती. खाजगी कंपनी उद्या उठून गेली तर? पोरीचं लग्न व्हायचंय. चांगल्या घरचे विचारतात, नोकरी पक्की का? आणि सुपडूची जागा ती. त्याच्या मरणानं मिळालेली. ती सोडायची म्हणजे त्याला काय वाटेल? फोटोला विचारून बघितलं. ओळखपत्रावरचा फोटो तो, त्यात माणूस नुसता सरळ बघतो.

शेवटच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून त्या खिडकीपाशी गेल्या. झुलालभाऊंनी पहिल्यांदाच स्वतःहून मान वर केली.

"या बाई. मला वाटलं पहिल्याच दिवशी पळत याल."

द्रौपदाबाईंनी लिफाफा उघडला. दोन्ही कागद हातात घेतले. मागे दोन-तीन माणसं उभी होती. द्रौपदाबाईंना एकदम पोरीचा तो हात दिसला, पालथा, जोडाजवळ धरलेला, आणि मिटलेले डोळे. बापानं तिला हे शिकवल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्यात होतं, आणि कोळशाशिवायच उगवून आलं होतं.

त्यांनी एक कागद घडी करून परत पिशवीत टाकला आणि दुसरा आत सरकवला.

झुलालभाऊंनी वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. "बाई, चुकून भलताच दिला का?"

"नाई."

"हा नकार आहे. एकदा शिक्का बसला की परत मिळत नाही. लोक या कागदासाठी पाया पडतात माझ्या."

"मीच किती वेळा उभी राह्यली इथं, मले नाई माहीत का."

"तिकडे परमनंट आहे का तिचं?"

"नाई."

"मग?"

द्रौपदाबाईंनी थोडा विचार केला. पुष्कळ काही सांगण्यासारखं होतं आणि त्यातलं एकही खिडकीतून आत सरकवण्याजोगं नव्हतं. "तिले ते काम येते," त्या म्हणाल्या. "चांगलं येते."

झुलालभाऊंनी शिक्का उचलला आणि धरून ठेवला, बाई अजून काही बोलेल म्हणून. मग मारला. पोच दिली. "यादीत तुमच्या खालच्या माणसाचं भाग्य," ते पुटपुटले.

"कोण हाये खाली?"

"ते सांगता येत नाही."

"असू द्या. लवकर पत्र पाठवा त्याले. त्याची माय वाट बघत असेल."

बाहेर गेटवर दुसऱ्या पाळीची माणसं आत चालली होती. उखर्डूभाऊ हेल्मेट काखेत धरून उभे होते. आज कागद द्यायचा शेवटचा दिवस, हे त्यांना कुठूनतरी कळलंच होतं.

"दिलं का वहिनी?"

"दिलं."

"कोणतं?"

त्यांनी सांगितलं. उखर्डूभाऊंनी डोक्याला हात लावला. "सात वर्षं मातीत घातली तुम्ही."

"मातीत कशी? त्या सात वर्षांच्या आधारानंच तर ती शिकली. मी निश्चिंत होती म्हणून पैशापाण्याची, लग्नाची घाई नाई केली."

"आन कंत्राट गेलं तिचं तर?"

"तर येईल ती घरी. दोन खोल्या हायेत. बसू दोघी रडत, आन मग बघू." एवढं म्हणून त्या पिशवीचा बंद उगाच सारखा करत राहिल्या. उखर्डूभाऊंनी तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं. जुना माणूस होता. चिमणीकडे बघून म्हणाले, "चला, जातो. संध्याकाळचं चढवायचं हाये."

"उखर्डूभाऊ."

"बोला."

"जरा आधीपासून चढवत चला," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तिचं पावणेसहाला बंद होते."